खिशातली विकी : एका फाइलची नोंदवही आणि सुरुवातीचे स्मार्टफोन

रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या नाशिककरांना नवीन नाहीत. परगावचा यजमान येतो, आपले गाव आणि आडनाव सांगतो आणि उपाध्याय नेमकी वही काढून नेमके पान उघडतात. त्या पानावर आजोबा-पणजोबांच्या यात्रेची नोंद सापडते आणि यजमान तिच्याखाली आपली व मुलाबाळांची नावे लिहितो. वह्यांचा एवढा पसारा उपयोगी पडतो तो गावावरून आडनावाकडे आणि आडनावावरून कुळाकडे नेणाऱ्या सांधेजोडीमुळे. संगणकाच्या जगात अशा सांधेजोडीला दुवा म्हणतात. आणि दुव्यांनी बांधलेल्या, वाचता वाचता भर घालता येणाऱ्या पानांच्या संग्रहाला विकी.

हा शब्द हवाई बेटांवरील भाषेतला. ‘विकी विकी’ म्हणजे झटपट. होनोलुलू विमानतळावर धावणाऱ्या बसच्या नावावरून वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने तो उचलला आणि २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी महाजालावर ठेवली. २००१ मध्ये विकिपीडिया आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया अवतरल्यावर हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. त्याच तत्त्वावर एकट्या माणसाने स्वतःपुरता ठेवलेला संग्रह म्हणजे वैयक्तिक विकी. वकिलाचे दाखले, डॉक्टरांच्या रुग्णांविषयीच्या टिपा, प्रबंध लिहिणाऱ्याची टाचणे, मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याच्या स्वाध्यायाच्या नोंदी अशा कोणत्याही गोष्टीसाठी ती चालते. वहीत एक नोंद एकाच जागी राहते. विकीत तीच नोंद दहा ठिकाणांहून गाठता येते.

परंतु विकी चालवायची तर सर्व्हर हवा, त्यावर डेटाबेस हवा, तो सांभाळणारा जाणकार हवा. एकट्या माणसासाठी हा खटाटोप अवाजवी होता. त्यावर ब्रिटिश संगणकतज्ज्ञ जेरेमी रस्टन यांनी सप्टेंबर २००४ मध्ये जो तोडगा काढला, त्याचे नाव टिडलीविकी.

एका फाइलमध्ये सारे काही

टिडलीविकी ही एकच एचटीएमएल फाइल असते. ती चालवणारी जावास्क्रिप्ट आज्ञावली, तिचे रूप ठरवणारे नियम आणि तुम्ही लिहिलेला मजकूर हे तिन्ही त्या एकाच फाइलमध्ये नांदतात. काही बसवावे लागत नाही. फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी, कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडावी आणि लिहू लागावे. मजकुराच्या प्रत्येक लहान तुकड्याला ‘टिडलर’ म्हणतात. इंग्रजीत टिडलर म्हणजे बोटभर लांबीचा मासा. शीर्षक, मजकूर, तारीख आणि खुणेचे शब्द एवढाच त्याचा देह. दुव्यावर टिचकी मारली की तो टिडलर पानावर उघडतो आणि आधीचेही तसेच उघडे राहतात. त्यामुळे टेबलावर चिठ्ठ्या मांडून बसल्यासारखे काम करता येते.

ही आज्ञावली मुक्त परवान्याखाली असल्याने जगभरच्या हौशी मंडळींनी तिच्या अनेक आवृत्त्या काढल्या. रस्टन यांची ऑस्मोसॉफ्ट ही छोटी कंपनी मे २००७ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमने विकत घेतली, तेव्हा या बोटभर माशाकडे मोठ्यांचेही लक्ष गेले.

एक गंमत मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. टिडलीविकीच्या अगदी पहिल्या आवृत्तीत लिहिलेले जतन करण्याची सोयच नव्हती. ब्राउझर हा मुळात वाचण्यासाठी घडवलेला. महाजालावरच्या कोणत्याही पानाला वाचकाच्या डिस्कवर लिहू देणे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देणे, म्हणून ब्राउझरकर्त्यांनी तो दरवाजा बंदच ठेवला होता. पुढे फायरफॉक्स आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांच्या आतल्या विशेष सोयी हेरून, वापरणाऱ्याची परवानगी मागून, फाइलने स्वतःच स्वतःवर लिहिण्याची युक्ती साधली गेली. सफारी आणि ऑपेरासाठी शेजारी जावाची एक छोटी फाइल ठेवावी लागे. म्हणजे टिडलीविकीची सारी मदार डेस्कटॉप ब्राउझरमधल्या या चोरवाटांवर होती. फोनवर जे झाले ते समजण्यासाठी एवढे पुरेसे आहे.

द्राक्षबागेतला प्रश्न

असल्या साधनाची गरज फोनवर कोणाला पडावी? नाशिक जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. निर्यातीची द्राक्षे पिकवणाऱ्या निफाड-दिंडोरीकडील बागायतदाराला प्रत्येक प्लॉटवरील प्रत्येक फवारणीची नोंद ठेवावी लागते. औषध कोणते, मात्रा किती, तारीख कोणती, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे. २००६च्या सुमारास ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था सुरू केल्यापासून बागेची नोंदणी आणि उर्वरित अंशाची तपासणी संगणकावर आली. पण बागेतली मूळ नोंद वहीतच राहिली. ही वही तारीखवार असते. ‘१२ नोव्हेंबरला काय फवारले?’ याचे उत्तर ती क्षणात देते. ‘हे अमुक औषध कोणकोणत्या प्लॉटवर पडले आहे?’ असे विचारले की ती पहिल्या पानापासून चाळावी लागते.

२०१०च्या हंगामात नेमका हाच प्रश्न उभा राहिला. वेलीची शाकीय वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश आढळल्याने नाशिकची द्राक्षे युरोपात अडकली. तोवर नियमित तपासणीच्या यादीत नसलेल्या या रसायनामुळे निर्यातदार आणि बागायतदार दोघेही पोळले. आपल्या कोणत्या प्लॉटला ते कधी दिले होते, हे त्या दिवसांत प्रत्येकाला तातडीने हवे होते.

विकीत हे कसे दिसले असते? प्रत्येक प्लॉटचा एक टिडलर, प्रत्येक औषधाचा एक, प्रत्येक रोगाचा एक, आणि प्रत्येक फवारणीच्या नोंदीत या तिघांचे दुवे. मग औषधाचा टिडलर उघडून ‘संदर्भ’ ही आज्ञा दिली की त्याचा उल्लेख असलेल्या साऱ्या नोंदी एका यादीत समोर येतात. निर्देशसूची वेगळी करावी लागत नाही. ती लिहिता लिहिता तयार होते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस यादी एकदा टिडलरांत उतरवून ठेवली की थांबायचे दिवसही तिथल्या तिथे दिसतात.

हे सारे घरच्या संगणकावर २००५ पासूनच शक्य होते. पण प्रश्न विचारला जातो बागेत, पॅकहाउसच्या दारात, व्यापाऱ्यासमोर. तिथे संगणक नसतो, आणि त्या काळात मोबाइलवर महाजालही भरवशाचे नव्हते. खासगी कंपन्यांची ३-जी सेवा देशात सुरू झाली ती २०१०च्या अखेरीस. त्यापूर्वी जीपीआरएसवर एक पान उघडायला चहा निवायचा. म्हणूनच सर्व्हरवाचून चालणारी, मेमरी कार्डावर मावणारी विकी फोनवर हवीहवीशी वाटे.

देवनागरीचे तीन काटे

फोनकडे वळण्याआधी मराठीत विकी लिहिताना येणाऱ्या अडचणी पाहायला हव्यात, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांत त्या सापडत नाहीत.

जुन्या विक्यांमध्ये दोन इंग्रजी शब्द जोडून प्रत्येकाचे आद्याक्षर मोठ्या लिपीत लिहिले की दुवा आपोआप तयार होई. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीतच. त्यामुळे मराठीत प्रत्येक दुवा दुहेरी चौकटी कंसात, [[केवडा]] असा, हाताने लिहावा लागतो. याला तोटा म्हणता येत नाही. नको तिथे दुवा होण्याचा इंग्रजीतला उपद्रव मराठीत टळतो.

दुसरा काटा विभक्तीचा. इंग्रजीत नाम जसेच्या तसे राहते. मराठीत ‘केवडा’चे ‘केवड्याची’, ‘केवड्यावर’, ‘केवड्याला’ होते, आणि विकीच्या लेखी ही तीन वेगळी पाने ठरतात. त्यासाठी दुवा [[केवड्याची|केवडा]] असा लिहायचा. दिसणारा शब्द आधी, गंतव्य शीर्षक नंतर. विकिपीडियावर हा क्रम नेमका उलटा आहे. दोन्हीकडे लिहिणाऱ्याचा गोंधळ उडाल्याशिवाय राहत नाही. शीर्षके नेहमी प्रथमा एकवचनात ठेवायची, ही शिस्त मराठी विकीला अत्यावश्यक आहे.

तिसरा सर्वांत छुपा. ‘शेतकऱ्याला’ या शब्दातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एकीत नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला नाही. एका कळफलकावर लिहिलेला ‘शेतकऱ्याला’ दुसऱ्या कळफलकावरून शोधला की ‘सापडले नाही’ असे उत्तर येऊ शकते. घरी एक कळफलक आणि फोनवर दुसरा असला की ही भानगड हमखास.

त्यातच विंडोज एक्सपीवर देवनागरीसाठी बहुधा सीडी घालून जटिल लिपींची सोय वेगळी बसवावी लागे. टंकनासाठी बरहा होते, आणि ब्राउझरमध्येच चालणारे ओंकार जोशी यांचे ‘गमभन’ होते. (तेव्हा कित्येक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळेही आपापल्या खासगी फॉन्टमध्ये बंदिस्त होती, ती युनिकोडवर आली त्या दशकाच्या उत्तरार्धात.) शिवाय युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, रोमन अक्षर एकच. तेवढ्याच चिन्हांची मराठी विकी इंग्रजीच्या जवळजवळ तिप्पट वजनाची होते, आणि टिडलीविकी जतन करताना दरवेळी सगळी फाइल नव्याने लिहिते.

फोनवर काय होई

२००६ ते २००८ या काळात महात्मा गांधी रस्त्यावरील मोबाइलच्या दुकानांत ‘स्मार्टफोन’ म्हटले की समोर येई ती नोकियाची एस-६० मालिका : एन-७०, एन-७३, मग एन-९५, ई-७१. यांपैकी एन-७३ आणि त्यानंतरच्या फोनांतील ब्राउझर वेबकिट या भक्कम पायावर उभा होता, म्हणजे सफारीचा भाऊबंदच. ब्लूटूथने किंवा कार्डावरून टिडलीविकी फोनवर घ्यावी आणि फाइल मॅनेजरमधून उघडावी, तर ती उघडेही.

फक्त वेळ लागे. एन-९५चा प्रोसेसर ३३२ मेगाहर्ट्‌झचा आणि रॅम ६४ मेगाबाइट, तीही बरीचशी फोनच्या स्वतःच्या कामात गुंतलेली. काही शे किलोबाइटची जावास्क्रिप्ट आणि मजकूर एकदम वाचताना त्याची दमछाक होई आणि ‘मेमरी पूर्ण भरली, काही प्रोग्राम बंद करा’ असा निरोप येई. पडदा २४० बाय ३२० बिंदूंचा. टिडलीविकीची मांडणी तीन स्तंभांची असल्याने मधला मजकूर चिंचोळ्या बोळात सापडे. जाणकार मंडळी ‘स्टाइलशीट’ नावाचा टिडलर लिहून दोन्ही बाजूंचे स्तंभ लपवत, आणि मग वाचन सुसह्य होई. ज्या हँडसेटमध्ये देवनागरी फॉन्ट नसे तिथे मराठीच्या जागी चौकोनांच्या रांगा दिसत.

चौकोनांवर भारतभर प्रसिद्ध झालेला उपाय ऑपेरा मिनीचा. २००६ पासून जगभर मिळू लागलेल्या या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जटिल लिपींचा मजकूर चित्ररूपाने आणण्याची सोय पुढे झाली आणि साध्यासुध्या फोनवरही मराठी वाचता येऊ लागली. पण ती चित्रे बनत ऑपेराच्या दूरच्या सर्व्हरवर. कार्डावर पडलेली फाइल त्या वाटेने जातच नाही. म्हणजे ज्या ब्राउझरने मराठी दाखवली त्याला टिडलीविकी उघडता येईना, आणि ज्याला ती उघडता येई त्याला मराठीचा भरवसा नाही.

यापेक्षा मोठी अडचण जतन करण्याची. फायरफॉक्स आणि एक्सप्लोररमधल्या ज्या चोरवाटांवर डेस्कटॉपची सोय उभी होती, त्या एस-६०च्या ब्राउझरमध्ये नव्हत्या. जावाचे छोटे खेळ फोनवर चालत, पण ब्राउझरच्या आत जावा चालत नसे. परिणामी टिडलर उघडे, संपादनाचा चौकोन येई, अंकी कळफलकावर बोटे दुखवून चार ओळी लिहिता येत, त्या पानावर दिसतही. आणि ब्राउझर बंद केला की गेल्या. फोन आल्याने मेमरी अपुरी पडून ब्राउझर आपणहून बंद झाला तरी तेच. दिसते आहे म्हणजे जतन झाले, हा माणसाचा स्वाभाविक समज इथे घातक ठरे. रस्टन यांची पहिली आवृत्ती डेस्कटॉपवर जिथे होती, तिथेच तीन-चार वर्षांनंतर फोन उभा होता.

नोकियानेच २००६-०७च्या सुमारास यावर एक अचाट मार्ग दाखवला होता. अ‍ॅपाची हा महाजालावरचा प्रसिद्ध वेब सर्व्हर तिच्या संशोधकांनी चक्क एस-६० फोनवर चालवून दाखवला. सर्व्हर फोनमध्येच असला की ब्राउझरने त्याला मजकूर द्यावा आणि त्याने तो कार्डावर लिहावा, हे तत्त्वतः जमणारे होते. सामान्य वापरकर्त्याने त्याच्या वाटेला जावे इतके ते सोपे कधीच झाले नाही, आणि बॅटरीचे काय, हा प्रश्न उरलाच असता.

२२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोन ३-जी भारतात आला. ८ जीबीची किंमत ३१,००० रुपये. त्याचा ब्राउझर आणि पडदा एन-९५च्या कितीतरी पुढे होते. पण कार्ड नाही, आणि वापरणाऱ्याला दिसेल असा फाइलींचा कप्पाही नाही. स्वतःची फाइल सफारीत उघडायची कुठून, इथपासूनच अडचण. सफारीला फाइल पाठवता येऊ लागली २०१२च्या आयओएस ६ पासून, आणि उतरवून ठेवता येऊ लागली थेट २०१९च्या आयओएस १३ पासून. मधली वर्षे टिडलीविकीसाठी खास लिहिलेल्या अ‍ॅपांनी भरून काढली.

अँड्रॉइड २००९ मध्ये एचटीसी मॅजिकच्या रूपाने आपल्याकडे पोचला. तिथे कार्ड होते, फाइली होत्या. देवनागरी मात्र गूगलच्या मूळ आवृत्तीत २०११च्या ४.० पर्यंत धड दिसत नव्हती. जतन करण्याचा पेच अँड्रॉइडवर सुटला तो अ‍ॅपच्या मार्गाने. अँडटिडविकीसारखे अ‍ॅप आपल्या पोटात ब्राउझर उघडते आणि पानाला ‘लिहायचे असेल तेव्हा मला सांग’ एवढी एकच आज्ञा पुरवते. ब्राउझरचा पहारा न मोडता लिहिण्याचा हा पहिला सरळ मार्ग म्हणायला हरकत नाही.

दोन प्रतींचा संसार

अ‍ॅप येईपर्यंत लोक काय करत? ज्यांना महाजाल परवडे ते टिडलीस्पॉटसारख्या विनामूल्य सेवेवर विकी ठेवत. इतरांसाठी सर्वांत टिकाऊ पद्धत सर्वांत साधी होती : लिहिणे संगणकावर, वाचणे फोनवर. रात्री घरी फाइल अद्ययावत करायची, कार्डावर प्रत टाकायची आणि दिवसभर ती केवळ पोथीसारखी वाचायची. बाहेर काही नवे सुचले किंवा घडले तर ते फोनच्या ‘नोट्स’मध्ये टिपायचे आणि परतल्यावर विकीत उतरवायचे. द्राक्षबागेच्या उदाहरणात एवढ्याने भागते, कारण व्यापाऱ्यासमोर हवे असते ते उत्तर. नोंद संध्याकाळी केली तरी चालते. फोनवर लिहिण्याच्या हट्टापायी अनेकांनी हे साधन सोडून दिले, ते निष्कारण.

दोन्हीकडे लिहिणाऱ्यांना मात्र निराळाच ताप झाला. फोनवरची फाइल आणि संगणकावरची फाइल एकाच नावाच्या, पण मजकूर वेगळा. घाईने एक दुसरीवर उतरवली की तिकडचे लिहिलेले पुसले गेले. टिडलीविकीत दुसऱ्या फाइलमधून निवडक टिडलर आयात करण्याची सोय होती आणि प्रत्येक जतनागणिक तारखेची जुनी प्रत राखून ठेवण्याचीही. पहिली अनेकांना ठाऊक नव्हती आणि दुसरी डिस्क भरते म्हणून पुष्कळजण बंद करत. एकच फाइल ‘मूळ’ मानून बाकी साऱ्या प्रती वाचनापुरत्या ठेवणे हाच यावरचा इलाज होता, आणि अजूनही आहे.

त्या फाइलींचे आज

डेस्कटॉपवरच्या चोरवाटाही पुढे बुजवल्या गेल्या. फायरफॉक्सने २०१२ मध्ये जुनी परवानगीची पद्धत काढली. तिच्या जागी आलेले टिडलीफॉक्स हे जोडसाधन नोव्हेंबर २०१७च्या फायरफॉक्स ५७ नंतर निकामी झाले. रस्टन यांनी नव्याने लिहिलेली टिडलीविकी-५ सप्टेंबर २०१४ मध्ये पूर्ण रूपात आली. ती जतन करताना पुष्कळदा सरळ नवी प्रत ‘डाउनलोड’ करते, आणि रिकामी असतानाच तिचे वजन दोन मेगाबाइटच्या पुढे असते. टिडलीस्पॉटची जागा आता टिडलीहोस्टने घेतली आहे. गूगलची नोटबुक ही नोंदवहीसेवा २०१२ मध्ये बंद पडली. एन-९५च्या ‘नोट्स’मध्ये लिहिलेले आज किती जणांकडे उरले असेल, याचा विचार न केलेला बरा.

२००६ साली लिहिलेली टिडलीविकी मात्र आजच्या ब्राउझरमध्ये वाचता येते. समजा ती चाललीच नाही, तरी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल उघडून ‘स्टोअर-एरिया’ नावाचा भाग शोधावा. सारे टिडलर तिथे शीर्षक, तारखा आणि खुणेच्या शब्दांसह ओळीने लिहिलेले असतात. युनिकोडमध्ये लिहिलेली मराठी तिथे जशीच्या तशी वाचता येते. त्या काळच्या खासगी फॉन्टमधला मजकूर असेल तर रोमन अक्षरांचा कचरा दिसेल, आणि त्याला आधी परिवर्तकातून काढावे लागेल. त्यानंतर जुनी फाइल टिडलीविकी-५च्या खिडकीवर ओढून सोडली की टिडलरांची यादी येते. हवे ते निवडून आत घ्यावेत. शीर्षके, दुवे आणि खुणा बहुतांशी शाबूत येतात. मॅक्रो आणि जुनी प्लगिने येत नाहीत, ती नव्याने बसवावी लागतात. आयातीपूर्वी जुन्या फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी आणि ‘ऱ्य’ असलेले दोन-चार शब्द दोन्ही रीतींनी शोधून पाहावेत.